क्रियापद येईपर्यंत

बेळगावात कॅम्पातल्या एका इमारतीत
खाली झेरॉक्स, वर आमचा चॅनल.
माझं काम पट्टीचं.
कुणी कन्नडमध्ये बोललं की मी खाली मराठी टाकते,
मराठीत बोललं की शेजारचा बसवंत कन्नड टाकतो.
दोन ओळी, ओळीला चाळीस अक्षरं.

आज विषय पूल.
शिरगुंडवाडीच्या द्रौपदा गावडे उभ्या राहिल्या.
माईक इतका जवळ धरला की पहिला शब्द फाटला.
"गेल्या साली जावेला खाटल्यावर घालून न्हेली,
कमरेएवढ्या पाण्यातनं.
एकच सांगा. बांधताय काय न्हाई?"

बसवंतने एका शब्दात बसवलं: कट्टतीरा?
त्याला तीन सेकंद उरले. पाणी प्यायला.

मग पहिले साहेब. कन्नडमध्ये.
हे बाहेरच्यांना सांगावं लागतं:
कन्नड काय, मराठी काय,
दोन्हींत क्रियापद शेवटी येतं.
भांडण जुनं, खरं वाक्याची शेपटी एकच.
म्हणून मी बोट कळीवर ठेवून थांबते.
माणूस कुठे पोचतोय ते कळल्याशिवाय
पट्टी टाकता येत नाही.

साहेब म्हणाले,
मागच्या सरकारच्या काळातल्या सर्वेक्षणाच्या
अहवालातील त्रुटींच्या अनुषंगाने
वनखात्याच्या हरकतींच्या संदर्भात
जनतेच्या भावनांचा पूर्ण आदर राखून
त्या ताईंच्या, म्हणजे माझ्या बहिणीसारख्याच
असलेल्या त्या ताईंच्या

बोट तसंच.
श्रीशैल म्हणाला, इथे एक छोटा ब्रेक.
पडद्यावर पीव्हीसी पाईप आले, मग साड्या.
वाक्य तिथेच राहिलं,
कमरेएवढ्या पाण्यात.

ब्रेकनंतर दुसरे साहेब. मराठीत. आपले.
"पूल होणार," म्हणाले.
मागे कुणीतरी टाळी वाजवली.
"खरं..."

पुण्याची माझी मामेबहीण ह्या शब्दावर फसली होती.
तिला वाटलं, इथली माणसं सारखी शपथेवर बोलतात.
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो खरं वेळ नाही.
देतो खरं आज नको.
जन्मापासून बोलते, कधी काही वाटलं नाही.
आज बसवंतने विचारलं,
ह्याचं काय करू? 'निज' टाकू का 'आदरे'?
मी म्हटलं, थांब. पुढे क्रियापद येतंय का बघ.

आलं नाही.
सीमेचा प्रश्न आला, हुतात्मे आले, आवाज चढला,
मग दोन्ही साहेब एकदम बोलू लागले.
त्या वेळी मी आणि बसवंतने खुर्च्या बदलल्या असत्या
तरी काही अडलं नसतं.

हेडफोनमध्ये कुणीतरी ओरडलं, पट्टी रिकामी का?
मी टाईप केलं:
ताई अजून उभ्या आहेत.
चांगली मावत होती, एका ओळीत.
मग खोडली. पगार दहा तारखेला होतो.
त्या जागी लिहिलं, चर्चा सुरू आहे.

नऊला दिवे गेले.
खाली गाड्यांची दारं लागल्याचे आवाज,
एक, दोन, बरेच.
जिन्यात द्रौपदाबाई चपला शोधत होत्या.
"बाई, खानापूरची शेवटची बस हाय काय?"

आणि माझ्या तोंडात आलं,
तसं बघायला गेलं तर,
स्टँडवर चाललेल्या कामामुळे,
वेळापत्रकात झालेल्या

जीभ चावली.
"गेली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पदर खोचला.
"बरं झालं. कायतर कळलं."

दोन पायऱ्या उतरल्या, वळल्या.
"तुझी खोली लांब हाय काय ग?"
"न्हाई," मी म्हटलं. "चला."